बांधावरची वाट : लुआर नदी आणि सायकलस्वार

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठाने सायकलीवरून जाण्यासाठी आखलेला एक मार्ग आहे. नेव्हेर शहराजवळ, आलिए नदी लुआरला येऊन मिळते तिथल्या क्यूफी गावापासून तो निघतो आणि अटलांटिकच्या किनाऱ्यावर सँ-ब्रेव्हँपाशी संपतो. अंतर सुमारे ९०० किलोमीटर. पर्यटनाच्या पुस्तिकांमधून या मार्गाचे जे वर्णन आढळते ते बहुतांशी राजवाड्यांचे, द्राक्षमळ्यांचे आणि पांढऱ्या दगडांच्या गावांचे असते. ते खोटे नाही. मात्र त्या वर्णनात एक गोष्ट जवळजवळ नेहमीच गाळलेली असते, आणि ती म्हणजे सायकलस्वाराच्या चाकाखालची जमीन. कितीतरी मैल तो ज्या उंचवट्यावरून निवांत चाललेला असतो, तो उंचवटा निसर्गाने केलेला नाही. तो बांध आहे, आणि त्याला आठशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आम्हाला या लेखात राजवाड्यांना वळसा घालून त्या बांधाविषयी बोलायचे आहे.

बाराव्या शतकात आंजू प्रांत इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या ताब्यात होता. पुराला अडवण्यासाठी मातीचे बांध त्याच्याही आधी होते, परंतु तुटक. हेन्रीने एक शहाणपणाची तजवीज केली : जे लोक बांधावरच घर करून राहतील आणि त्याची डागडुजी करतील, त्यांना लष्करी चाकरीतून सूट. म्हणजे बांध राखण्याचे काम त्याने शिपायांवर न सोपवता रहिवाशांवर सोपवले. ज्याचे घर पुरात जाणार, तोच मातीची पाटी उचलणार, हा त्यातला हिशेब. आजही त्या भागात बांधाला चिकटून उभी असलेली घरे दिसतात. त्यांचा एक दरवाजा वरच्या रस्त्यावर उघडतो आणि दुसरा खाली, मळ्यांच्या पातळीवर. सायकलस्वाराला ही रचना मौजेची वाटते. ती एका जुन्या कराराची खूण आहे.

सतराव्या शतकात, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळात, हे बांध सरकारी कारभाराखाली आले आणि उंच होत गेले. पाणी कधीच ओलांडणार नाही इतका उंच बांध घालता येईल, असा विश्वास त्यामागे होता. नदीला जितके आवळावे तितके तिचे पाणी चढते, हे साधे गणित त्या विश्वासाने दुर्लक्षिले. १८४६, १८५६ आणि १८६६ अशा अवघ्या वीस वर्षांत तीन महापूर आले. १८५६च्या जून महिन्यात ला शापेल या गावापाशी बांध फुटला, गावाचा मोठा भाग वाहून गेला आणि पाणी ओतियाँच्या सखल खोऱ्यातून थेट आँजे शहराच्या दारापर्यंत, त्रेलाझेच्या पाटीदगडाच्या खाणींपर्यंत पोचले. तिसरा नेपोलियन स्वतः पूरग्रस्त भागात फिरला. बादशहा होडीतून प्रजेला भेटतो आहे, अशी चित्रे त्या प्रसंगावर काढली गेली. फुटलेल्या बांधापेक्षा ती चित्रे अधिक काळ लक्षात राहिली, हे सत्तेच्या दृष्टीने सोयीचेच झाले.

एवढ्याने इतिहास संपत नाही, कारण बांधाच्या आतल्या बाजूला, पाण्यावर, आणखी एक जग होते. रेल्वे येण्यापूर्वी लुआर हा मध्य फ्रान्सचा राजमार्ग होता. सपाट तळाच्या, उंच चौकोनी शिडाच्या नावा एकामागे एक बांधून त्यांचे तांडे चालत. नदी पश्चिमेला वाहते आणि समुद्रावरचा वारा पूर्वेकडे येतो. त्यामुळे जाताना प्रवाह आणि येताना वारा, अशी निसर्गाची दुहेरी सोय होती. मीठ, दारू, धान्य, वसाहतींमधून नाँत बंदरात आलेली साखर असा सारा माल या वाटेने आत जाई. (त्या साखरेमागे नाँतचा गुलामांचा व्यापार होता, हे विसरून चालणार नाही. नदीकाठची देखणी घरे पाहताना तेही पाहावे लागते.) वरच्या अंगाने सँतेतिएन भागातला कोळसा देवदाराच्या कच्च्या नावांमधून खाली येई. या नावा एकाच खेपेसाठी बांधलेल्या असत. मुक्कामी पोचल्यावर त्या मोडून त्यांचे लाकूड विकत. नावेने परतू नये, हे तिच्या जन्मातच ठरलेले असे. १६४२ साली सुरू झालेल्या ब्रिआरच्या कालव्याने ही नदी सेन नदीशी, म्हणजे पर्यायाने पॅरिसशी जोडली गेली होती.

हे जग किती झपाट्याने बुडाले ते तीन सालांवरून दिसते. रेल्वे पॅरिसहून १८४३ साली ऑर्लेआँला पोचली, १८४६ साली तूरला आणि १८५१ साली नाँतला. मधल्या काळात वाफेच्या बोटींनी थोडी झुंज दिली. बाष्पकांचे स्फोट होत असल्याने प्रवासी बिचकत, म्हणून एका कंपनीने आपल्या बोटींचे नावच ‘न फुटणाऱ्या’ असे ठेवले होते. त्या फुटल्या नाहीत, पण टिकल्याही नाहीत. पुढच्या दोन दशकांत नदीवरची मालवाहतूक जवळजवळ संपली. नावाडी कुठे गेले? काही शेतावर, काही खाणीत, काही रेल्वेच्याच चाकरीत. त्यांचा आश्रयदाता संत निकोलस मात्र काठावरच्या देवळांतून राहिला.

सायकल या रिकाम्या झालेल्या काठावर आली, आणि आमच्या मते हा केवळ योगायोग नव्हे. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पायटे लावलेली सायकल निघाली. १८९० साली सायकलस्वारांनी फ्रान्सची पर्यटन संस्था, ‘तूरिंग क्लब’, स्थापली. आरंभी हा पैसेवाल्यांचा छंद होता. १८९३ पासून सरकारने सायकलीवर कर बसवला तो चैनीची वस्तू म्हणूनच. परंतु पहिले महायुद्ध सुरू होईतो कर भरणाऱ्या सायकलींची संख्या सुमारे ३५ लाखांवर गेली होती. चैन कामगाराच्या दारात आली होती. पुढे जून १९३६मध्ये लेऑन ब्लुमच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, तेव्हा दोघांच्या सायकलीवर सामान बांधून निघालेली तरुण जोडपी ही त्या उन्हाळ्याची ओळख बनली. कष्टकऱ्यांनी नदी पाहायला जावे, हीच गोष्ट नवी होती. तोवर नदीवर जाणे म्हणजे कामावर जाणे.

चारच वर्षांनी याच रस्त्यांवरून माणसे पुन्हा सायकली घेऊन निघाली, ती जर्मन सैन्यापुढे पळताना. लुआर ओलांडली की वाचलो, अशी तेव्हा समजूत होती. जून १९४०मध्ये सोम्यूरच्या घोडदळ शाळेतील विद्यार्थ्यांनी तिथले पूल दोन दिवस अडवून धरले. त्यानंतर लुआरची उपनदी शेर हिच्या काही भागावरून व्यापलेल्या आणि न व्यापलेल्या फ्रान्समधली सीमा गेली. शनाँसोचा राजवाडा शेरवर पुलासारखा उभा आहे. त्याचा मुख्य दरवाजा एका राज्यात आणि सज्जाच्या टोकाचा दरवाजा दुसऱ्या राज्यात, अशी अवस्था झाली. आज सायकलस्वार ज्या सज्जाचे छायाचित्र घेतो, त्यातून त्या वर्षांत माणसे जीव मुठीत धरून पलीकडे गेली.

साहित्याच्या अभ्यासकाला या काठावर भेटणारा माणूस म्हणजे ज्यूलियाँ ग्राक. १९१० साली सँ-फ्लोराँ येथे जन्मलेला, पेशाने भूगोलाचा शिक्षक; १९५१ साली गोंकूर पुरस्कार नाकारणारा; आणि अखेरची वर्षे त्याच गावी, लुआरसमोरच्या घरात काढून २००७ साली वारलेला. १९७६ सालचे त्याचे एक छोटेसे पुस्तक एव्ह्र या लहानशा उपनदीतल्या नौकाविहाराविषयी आहे. लेखकाने महानदी सोडून ओढ्याएवढी नदी निवडावी, यात आम्हाला भूगोलाच्या शिक्षकाचा डोळस हट्ट दिसतो : मोठ्या नदीवर इतिहासाने इतके लिहून ठेवले आहे की स्वतःचे बालपण तिथे मावेना.

२००० साली सुल्ली ते शालोन हा लुआरचा टापू जागतिक वारसा ठरला आणि सायकलमार्गाची आखणीही त्याच सुमारास आकाराला आली. वारसा म्हटले की काय दिसावे आणि काय झाकावे हे ठरवणे आलेच. शिनाँजवळच्या अणुवीज केंद्राचे नंतरचे शीतक मनोरे देखावा बिघडू नये म्हणून मुद्दाम बुटके बांधले आहेत. सायकलस्वार त्यांच्या जवळून जातो आणि त्याला वाटते, एखादा कारखाना असावा. बेह्युआर बेटावर मात्र कोणी काही झाकलेले नाही. तिथे घराच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत, प्रत्येकीपुढे साल. सायकल टेकवून शेजारी उभे राहिले तर त्यांतल्या काही रेषा डोक्याच्या वर येतात.