अन्ननलिकेतल्या पेशी 'बदलतात' म्हणजे काय? आणि यात माकडं कुठून आली?

कोल्हापुरात तांबडा रस्सा ओरपल्यावर छातीत जळजळ झाली की कुणीतरी म्हणतंच, 'जपून रे, कॅन्सर व्हायचा.' पण कॅन्सर असा एका उडीत होत नाही. त्याआधी एक टप्पा असतो. तो सापडला तर पुढचं बरंच टाळता येतं.

अन्ननलिकेचं आतलं अस्तर चपट्या पेशींच्या अनेक थरांचं असतं. त्याला वर्षानुवर्षं इजा होत राहिली की नव्या पेशी वेड्यावाकड्या वाढू लागतात. याला डिस्प्लेसिया म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, त्याच्या अलीकडची पायरी. प्रत्येकाचं प्रकरण पुढे जातंच असंही नाही.

दुसरा प्रकार 'बॅरेट्स इसोफॅगस'. पोटातलं आम्ल सतत वर येत राहिलं की अन्ननलिकेच्या खालच्या भागात आतड्यासारख्या उभट पेशी तयार होतात. नाव ब्रिटिश सर्जन नॉर्मन बॅरेट यांचं. गंमत म्हणजे १९५० मध्ये त्यांना हे छातीत ओढलं गेलेलं जठरच वाटलं होतं! १९५७ मध्ये त्यांनी मत बदललं. या रुग्णांपैकी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी लोकांना कॅन्सर होतो.

आता माकडं. उंदराच्या अन्ननलिकेला आतून केराटिनचं कडक आवरण असतं, आपल्याला ते नसतं. माकडाची अन्ननलिका आपल्या जास्त जवळची. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने १९६१ पासून माकडांवर दीर्घकाळ चाचण्या केल्या. 'एमएनयू' हे रसायन तोंडावाटे दिलेल्या काही माकडांना घशाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर झाला, तोही काही वर्षांनी. अन्ननलिकेला सूज, अस्तर झिजणं, पेशींची बिघडलेली वाढ हेही दिसलं. (असे प्रयोग करावेत का, हा वाद वेगळा आणि रास्तच.)

एमएनयू नायट्रोसो गटातलं. याच गटातली काही रसायनं तंबाखूत असतात, आणि मिश्री लावताना गिळलेली लाळ अन्ननलिकेतूनच खाली जाते. भारतात अन्ननलिकेचा कॅन्सर बहुतेक वेळा चपट्या पेशींचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था धूर न होणाऱ्या तंबाखूला त्याचं कारण मानते. ६५ अंशांहून गरम पेयं २०१६ पासून 'बहुधा कारण' या यादीत आहेत. तेव्हा रश्श्यावर संशय घेण्याआधी आजीच्या मिश्रीच्या डबीकडे बघा.

पेशींमधला हा बदल बाहेरून कळत नाही. त्यासाठी एंडोस्कोपी म्हणजे दुर्बिणीची तपासणी करून छोटा तुकडा तपासावा लागतो. सुरुवातीचा बिघडलेला भाग अनेकदा दुर्बिणीतूनच काढता येतो. घास अडकत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर मात्र अॅसिडिटीच्या गोळीवर दिवस ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.