रायफलीचा दस्ता
रायफल खांद्याला टेकविण्याचा व नळीखाली हाताने धरावयाचा भाग. पूर्वी तो बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा करीत. दमट हवेत लाकूड फुगून नळीवर दाब पडतो व नेम ढळतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय सेनेत आलेल्या इन्सास रायफलीचा दस्ता प्लॅस्टिकचा असल्याने हा दोष टळला. तथापि १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीने तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनांना तडे गेले. महाराष्ट्र पोलिसांत लाकूड दीर्घकाळ टिकले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींच्या हल्ल्यापुढे काही पोलिसांच्या हाती लाकडी दस्त्याच्या ·३०३ रायफलीच होत्या. उणीव मात्र लाकडाची नव्हे, प्रत्येक बारानंतर हाताने ओढाव्या लागणाऱ्या बोल्टची होती.