मोटारगाडीतील वातानुकूलन व त्याचे दोषनिदान

मोटारगाडीतील हवा थंड व कोरडी करणारी यंत्रणा घरगुती रेफ्रिजरेटरच्या तत्त्वावरच चालते. संपीडकाने दाबलेला तप्त वायू गाडीच्या पुढील भागातील संघनकात निवून द्रवरूप होतो. हा द्रव प्रसरण झडपेच्या अरुंद छिद्रातून बाष्पकात शिरताना त्याचा दाब व तापमान एकदम उतरतात आणि बाष्पकावरून वाहणाऱ्या हवेतील उष्णता घेऊन त्याची वाफ होते. या चक्रात फिरणाऱ्या द्रव्यास प्रशीतक म्हणतात. रेफ्रिजरेटरमधील संपीडक व विद्युत् मोटर एकाच बंद पोलादी डब्यात असतात. एंजिनावर चालणाऱ्या गाडीत मात्र संपीडक पट्ट्याने फिरवावा लागतो. त्यामुळे त्याचा दंड आवरणाबाहेर येतो व तेथे गळती रोखणारे कडे बसवावे लागते. एंजिन हादरत असल्याने काही नळ्याही लवचिक रबराच्या असतात. प्रशीतकाची थोडीफार गळती या रचनेतच अंगभूत आहे आणि ‘गाडी थंड होत नाही’ या तक्रारीचा इतिहास बऱ्याच अंशी या गळतीचाच इतिहास आहे.

कारखान्यातच वातानुकूलन बसवून मिळणारी पहिली गाडी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये शिकागो येथे प्रदर्शित केली. यंत्रणेची किंमत २७४ डॉलर होती आणि तिच्या बाष्पकाने सामानाच्या कप्प्यातील बरीच जागा व्यापली होती. संपीडकाला क्लच नव्हता. हिवाळ्यात तो थांबवावयाचा तर एंजिनावरील पट्टाच काढून ठेवावा लागे. ही सोय कंपनीने १९४१ नंतर बंद केली. नॅश कंपनीच्या १९५४ च्या गाडीत सर्व यंत्रणा पुढील भागात आली व विद्युत् चुंबकीय क्लचमुळे संपीडक हवा तेव्हा जोडता वा तोडता येऊ लागला. या सुधारणेबरोबर दोषांची संख्याही वाढली, हे सांगितले पाहिजे. तेव्हापासून तंत्रज्ञास वितळतार, तारा व क्लचचे वेटोळे हीही तपासावी लागतात.

या गाड्यांतील प्रशीतक आर-१२, म्हणजे डायक्लोरोडायफ्ल्युओरोमिथेन, हे होते. १९२८ मध्ये टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनी ते प्रशीतक म्हणून पुढे आणले. (पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची कल्पनाही मिजली यांचीच.) तत्पूर्वीचे अमोनिया व सल्फर डाय-ऑक्साइड हे वायू विषारी व उग्र वासाचे होते. आर-१२ जवळजवळ बिनविषारी, अज्वलनशील व गंधहीन होते. १९३० मध्ये मिजली यांनी ते श्वासाबरोबर आत घेऊन त्याच्या फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखविली. नेमक्या याच गुणांमुळे गळतीकडे दुर्लक्ष झाले. अमोनिया गळला तर माणसे पळत. आर-१२ गळले तर कोणास कळतही नसे. गाडी थंड होईनाशी झाली की थोडा वायू भरावयाचा, पुढील उन्हाळ्यात पुन्हा भरावयाचा, अशी रीत पडली. वाहिनीवरील काचेच्या झरोक्यात बुडबुडे दिसले की वायू कमी पडला असे समजत आणि ते नाहीसे होईपर्यंत भरत.

ही रीत यंत्रालाही घातक होती. प्रशीतकाबरोबर संपीडकाचे वंगणतेलही फिरते व गळतीतून तेही थोडे बाहेर पडते. म्हणूनच सांध्यावर धूळ धरलेला तेलकट डाग हा गळतीचा सर्वांत स्वस्त व पुष्कळदा पुरेसा पुरावा असतो. तेल न भरता केवळ वायू भरत गेल्यास संपीडक कोरडा पडून अडकतो. सूक्ष्म गळती शोधण्यासाठी हॅलाइड दिवा वापरीत. संशयित सांध्याजवळची हवा रबरी नळीने दिव्यातील तप्त तांब्यावर ओढली जाई आणि हवेत आर-१२ असल्यास त्यातील क्लोरिनामुळे ज्योत हिरवी होई. या ज्वलनात फॉस्जीन हा विषारी वायू अल्प प्रमाणात निर्माण होई, हा या साध्या साधनाचा मोठा दोष होय.

क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांपासून सुटणारे क्लोरीन स्थितांबरातील ओझोनाचा नाश करते, असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. अंटार्क्टिकावरील ओझोनाचा ऱ्हास ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला व १९८७ मध्ये माँट्रिऑल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. त्याच वर्षापासून अमेरिकेत गाड्यांतील प्रशीतक हवेत न सोडता यंत्राने परत गोळा करणे व तंत्रज्ञाने प्रमाणपत्र घेणे सक्तीचे झाले. कारागिराची सवय कायद्याचा विषय बनली.

आर-१२ ऐवजी आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही. त्यामुळे हॅलाइड दिवा निरुपयोगी ठरला आणि इलेक्ट्रॉनीय शोधक व जंबुपार प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य यांचा वापर वाढला. जुने खनिज तेल नव्या प्रशीतकात मिसळत नाही, म्हणून तेलही बदलावे लागले. काचेच्या झरोक्याचा भरवसा उरला नाही. लहान गाडीत एकूण प्रशीतकच सु. अर्धा किग्रॅ. वा त्याहून कमी असल्याने ते तोलूनच भरावे लागते.

निदानाचा मुख्य आधार दोन दाबमापके हाच राहिला. यंत्रणा चालू असता दोन्ही बाजूंचे दाब कमी असल्यास प्रशीतक गळालेले असण्याचा संभव असतो. दोन्ही दाब जास्त असल्यास प्रशीतक अधिक भरले गेले असावे, किंवा संघनकावर चिखल व कीटक साचून अथवा पंखा बंद पडून त्यातून हवा जात नसावी. कमी दाबाच्या बाजूस दाब चढलेला व दुसऱ्या बाजूस उतरलेला असेल, तर संपीडक झिजला आहे. गाडी काही वेळ थंड होते, मग होत नाही आणि थोडा वेळ बंद ठेवल्यास पुन्हा होऊ लागते, हे लक्षण बहुधा यंत्रणेत शिरलेल्या ओलाव्याचे असते. तो प्रसरण झडपेत गोठून वाट अडवितो व नंतर वितळतो. अशा वेळी वायू भरण्याने काहीच साधत नाही. निर्वात पंपाने ओलावा काढून शोषक कुपी बदलावी लागते. दाब योग्य असूनही हवा कोमट येत असल्यास तापकाकडील झडप उघडी राहिली आहे का, ते पाहावे.

भारतात क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांचे सर्वसाधारण उत्पादन २००८ मध्ये थांबले. आर-१३४ए ओझोनास निरुपद्रवी असले, तरी उष्णता रोखून धरण्याची त्याची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या हजारपटीहून अधिक आहे. म्हणून यूरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारगाड्यांत त्याचा वापर बंद झाला. त्याची जागा मुख्यतः आर-१२३४वायएफ याने घेतली आहे. हे प्रशीतक महाग असून सौम्य ज्वलनशील आहे. त्यामुळे दुरुस्तीच्या जागी वायुवीजन व ठिणगीपासून संरक्षण यांची काळजी घ्यावी लागते.