वाट चुकलेल्या पक्ष्यांच्या नोंदी

रिचर्डची तिरचिमणी हा पक्षी दिसायला अगदी साधा. धोबी पक्ष्याच्या कुळातला, मातकट रंगाचा, छातीवर गडद रेघा, पाय लांब. त्याची वीण होते सायबेरियाच्या दक्षिण भागात, मंगोलियात आणि उत्तर चीनमध्ये. हिवाळा काढायला तो दक्षिण व आग्नेय आशियात येतो. आपल्याकडेही तो हिवाळी पाहुणा आहे. पण आपल्या शेतांत बारमाही राहणारी धान-तिरचिमणी जवळजवळ त्याच्यासारखीच दिसते. पाहुणा आकाराने थोडा मोठा आणि आवाजाने अधिक खणखणीत, एवढाच फरक. त्यामुळे बहुतेकांच्या तो लक्षातच येत नाही.

असा हा पक्का आशियाई पक्षी. पण विज्ञानाला त्याची ओळख झाली ती फ्रान्समध्ये! १८१८ साली व्हिएलो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने फ्रान्समध्येच मिळालेल्या पक्ष्यावरून त्याचे वर्णन केले आणि ल्युनेव्हिल गावचे एक निसर्ग-अभ्यासक रिशार यांचे नाव त्याला दिले. रिशारचा इंग्रजी उच्चार रिचर्ड, म्हणून ही रिचर्डची तिरचिमणी.

सायबेरियातला पक्षी फ्रान्समध्ये काय करत होता? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला दोनशे वर्षे लागली. ते उत्तर एका मोठ्या शोधातून आले नाही. कोणीतरी, कुठेतरी, शरद ऋतू संपता संपता एक अनोळखी पक्षी पाहिला आणि तारखेसह लिहून ठेवला, अशा असंख्य नोंदींतून ते आले. या नोंदींचा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे.

समुद्रातली चाळण

जर्मनीच्या किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रात हेल्गोलँड नावाचे बेट आहे. तांबड्या वालुकाश्माचा उभा कडा आणि वर जेमतेम एक चौरस किलोमीटर सपाटी, एवढाच त्याचा मुख्य भाग. १८०७ पासून १८९० पर्यंत ते ब्रिटिशांच्या ताब्यात होते. १८९० च्या करारात ते जर्मनीकडे गेले.

या बेटावर १८३७ साली हाइनरिश गेटके नावाचा तेवीस वर्षांचा चित्रकार समुद्राची चित्रे काढण्यासाठी आला आणि तिथलाच झाला. पुढे तो बेटाच्या सरकारी कचेरीत सचिव झाला. १८९७ च्या पहिल्या दिवशी मरण येईपर्यंत त्याचा मुक्काम तिथेच होता. या काळात सुमारे पन्नास वर्षे त्याने पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या: कोणता पक्षी, कोणती तारीख, वारा कोणता, हवा कशी.

बेटाची रचना त्याच्या पथ्यावर पडली. त्या काळी तिथे झाडे फारच थोडी होती. समुद्र ओलांडताना थकलेला पक्षी उतरला की त्याला लपायला जागा नसे. अंधाऱ्या, धुक्याच्या रात्री दीपगृहाच्या उजेडाभोवती पक्ष्यांचे लोट येत. बेटावरचे लोक कस्तुरासारखे पक्षी पकडून खात, त्यामुळे त्यांनाही पक्ष्यांची चांगली जाण होती. एखादा वेगळा आवाज कानी पडला की कोळी आणि पोरे गेटकेकडे धावत. जणू समुद्रात एक चाळण मांडली होती आणि तिच्यात काय अडकते हे एक माणूस रोज पाहत होता.

त्या चाळणीत जवळपास ४०० जातींचे पक्षी सापडले. युरोपातल्या इतक्या लहान जागेवरची ही यादी वाचून अनेक अभ्यासक चकित झाले. त्यांना विशेष नवल वाटले ते शरदात येणाऱ्या सायबेरियन पक्ष्यांचे. पिवळ्या भुवईचा चिमुकला वटवट्या त्यांपैकी एक. दुसरी आपली रिचर्डची तिरचिमणी. इतरत्र दुर्मीळ समजली जाणारी ही तिरचिमणी हेल्गोलँडवर शरदात वारंवार येते, असे गेटकेच्या नोंदींवरून दिसले. त्याचा ग्रंथ १८९१ साली जर्मन भाषेत आणि १८९५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

एक बरोबर, एक चूक

नोंदी उत्तम असल्या तरी त्यांवरून काढलेला निष्कर्ष उत्तम असेलच असे नाही. गेटकेचे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला असा की, शरदात पक्षी उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात एवढेच खरे नाही. काही पक्षी पूर्वेकडून पश्चिमेकडेही मोठा प्रवास करतात. या विचारात तथ्य होते, हे आपण पुढे पाहू.

दुसरा निष्कर्ष ब्लूथ्रोटबद्दलचा. निळ्या गळ्याचा हा छोटा पक्षी हिवाळ्यात आपल्याकडेही पाणथळ जागी येतो. वसंतात तो उत्तर आफ्रिकेतून निघतो आणि हेल्गोलँडवर पहाटे उतरतो. मधल्या युरोपात त्याच्या नोंदी फारच थोड्या होत्या. यावरून गेटकेने ठरवले की, हा पक्षी संध्याकाळी आफ्रिकेतून निघून एका रात्रीत, सुमारे नऊ तासांत, हेल्गोलँड गाठत असला पाहिजे. हे अंतर तीन हजार किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक! प्रत्यक्षात एवढ्या आकाराचे पक्षी प्रवासात साधारणपणे ताशी ३० ते ५० किलोमीटर वेगाने उडतात.

चूक कुठे झाली? मधल्या प्रदेशात पक्षी उतरत होते, पण झाडाझुडपांत, वेतांत दडत होते. आणि तिथे रोज पाहणारा गेटके नव्हता. ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘पक्षी नाही’ असा त्याने घेतला. ही गल्लत आजही सहज होते. एखाद्या तालुक्यात दुर्मीळ पक्षी ‘वाढले’ असे ऐकले की आपण आधी विचारावे: पक्षी वाढले, की पाहणारे?

शाळामास्तरांचे कडे

नोंदींची आणखी एक मर्यादा होती. आज दिसलेला पक्षी आणि पुढच्या वर्षी त्याच जातीचा दिसलेला पक्षी एकच आहे की निराळा, हे कसे कळणार? डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने यावर उपाय काढला. त्याने १८९० मध्ये जस्ताची कडी करून पाहिली, पण ती जड झाली. मग १८९९ साली त्याने अॅल्युमिनियमची हलकी कडी केली, त्यांवर गावाचे नाव आणि क्रमांक कोरला आणि ती १६५ स्टारलिंग पक्ष्यांच्या पायांत घातली. स्टारलिंग म्हणजे आपल्या मैनेचे युरोपीय भाऊबंद. असा पक्षी कोणाला सापडला की तो कुठून आला हे कळू लागले. आधुनिक पक्षी-कडेपद्धतीची सुरुवात इथून मानतात.

१९१० मध्ये ह्यूगो वाइगोल्ड याच्या पुढाकाराने हेल्गोलँडवर पक्षिनिरीक्षण केंद्र उभे राहिले. तिथे झुडपांवर नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा जाळीचा मोठा पिंजरा बांधण्यात आला. पक्षी हळूच पुढे हाकायचे, टोकाच्या पेटीत धरायचे, कडे घालायचे आणि सोडून द्यायचे. गेटकेच्या काळी पक्षी ओळखायला बंदूक लागे. आता तो जिवंत राहून माहिती देऊ लागला. अशा सापळ्याला आजही ‘हेल्गोलँड सापळा’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १८ एप्रिल १९४७ रोजी, ब्रिटिशांनी बेटावरच्या लष्करी तटबंदीत सुमारे ६,७०० टन स्फोटके उडवली. १९५२ साली बेट जर्मनीला परत मिळाले आणि पुढच्याच वर्षी पक्ष्यांचे काम पुन्हा सुरू झाले.

आपल्याकडे सालिम अली यांच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले.

भरकटलेला की वाट पाडणारा?

तरीही सायबेरियन पाहुण्यांचे कोडे सुटले नव्हते. विसाव्या शतकात बहुतेकांचे मत असे होते की, हे पक्षी चुकलेले आहेत. अनेक लहान पक्ष्यांची पिल्ले पहिला प्रवास आईबापांशिवाय करतात. कोणत्या दिशेला आणि किती काळ उडायचे, हे त्यांना वारशाने मिळते. एखाद्यात ही दिशाच चुकीची निघाली, किंवा वाऱ्याने त्याला लोटले, तर तो भलतीकडे जातो. पुढे त्याचे काय होणार? बहुधा मरण. तेव्हा अशा नोंदी मौजेच्या, पण शास्त्राच्या दृष्टीने फारशा कामाच्या नाहीत, असा समज होता.

या समजाला पहिला मोठा धक्का ब्लॅककॅप या पक्ष्याने दिला. मध्य युरोपातले ब्लॅककॅप हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडे जातात. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते हिवाळ्यात ब्रिटनमध्ये वाढत्या संख्येने दिसू लागले, आणि त्यांतले काही मध्य युरोपातून आलेले आहेत हे कड्यांवरून कळले. पेटर बर्टहोल्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये हिवाळ्यात पकडलेल्या पक्ष्यांची जर्मनीत पिंजऱ्यात वीण करवली. त्यांच्या पिल्लांनी कधीच प्रवास केलेला नव्हता. तरी शरदात ती पिंजऱ्यात पश्चिम-वायव्येकडे झेपावू लागली, म्हणजे ब्रिटनच्या रोखाने. १९९२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘चुकीची’ दिशा वारशाने पुढे जाते आणि फायद्याची ठरली तर टिकते, असा त्याचा अर्थ.

रिचर्डच्या तिरचिमणीचे उत्तर आले २०२१ साली. गेल्या काही दशकांत दक्षिण फ्रान्समध्ये हे पक्षी दर हिवाळ्यात मुक्काम करताना दिसत होते. फ्रेंच संशोधक पॉल द्युफूर व सहकाऱ्यांनी त्यांना पकडून कडी घातली. त्यांतले काही पक्षी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच जागी आले! वाट चुकून मरणारा पक्षी परत येत नसतो. काहींच्या पाठीवर प्रकाश नोंदवणारे छोटे उपकरण बसवले होते. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळा कळल्या की मध्यान्ह कधी झाली यावरून रेखांश निघतो आणि दिवसाच्या लांबीवरून अक्षांश. भूगोलाच्या तासाला शिकवतो तेच तत्त्व. या उपकरणाने दाखवले की, पक्षी उन्हाळ्यात नैर्ऋत्य सायबेरियात जाऊन आला होता. म्हणजे पूर्व-पश्चिम असा एक नवा स्थलांतर-मार्ग रूढ होत आहे. दक्षिण युरोपातला हिवाळा सौम्य होत गेल्याने तिथे तगून राहणे सोपे झाले असावे, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

यावरून प्रत्येक चुकार पक्षी नवी वाट पाडतो असे मात्र समजू नये. बहुतेक जण समुद्रात वा थंडीत संपतात. पण त्यांतले काही वाचतात, परत जातात आणि त्यांची पिल्ले तीच दिशा धरतात. बदलत्या हवामानात एखादी जात टिकणार की नाही, हे कदाचित अशा थोड्यांवर अवलंबून असेल. आणि हा बदल ओळखायचा तर आधीच्या शतकाच्या नोंदी हाती असाव्या लागतात.

म्हणून शाळांना आमची एक सूचना आहे. कार्तिक-मार्गशीर्षात, पाहुणे पक्षी उतरत असताना, शाळेजवळचे एक तळे किंवा माळरान ठरवावे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास तिथे पाहावे. वहीत तारीख, वेळ, वारा, पक्षी, संख्या आणि किती जणांनी पाहिले हे लिहावे. नाव खात्रीने सांगता येत नसेल तर वर्णन लिहावे, नाव घालू नये. आणि काहीच दिसले नाही तर ‘काही नाही’ अशी नोंद तारखेसह जरूर करावी. मधल्या युरोपात एवढी एक वही असती, तर गेटकेचा ब्लूथ्रोट एका रात्रीत आफ्रिकेतून आला नसता.