हरवलेला रानपिंगळा

पिंगळा तुम्ही पाहिलाच असेल. तिन्हीसांजेला झाडाच्या ढोलीतून डोकावतो अन् माणूस दिसला की मान खालीवर करतो. त्याचे डोके पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले असते. त्याचाच भाऊबंद जो रानपिंगळा, त्याचे डोके मात्र जवळजवळ बिनठिपक्यांचे. पंख-शेपटीवर रुंद पट्टे, आणि शिकार करायची ती भर दिवसा!

१८७३ साली ह्यूमने याची शास्त्रात नोंद केली. पुढे डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात काही पक्षी टिपले. १८८४ नंतर मात्र पक्षी नाहीसाच झाला. अपवाद एकच: कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला, गुजरातेतील मांडवीचा, १९१४ चा नमुना.

पामेला रासमुसेन या विदुषींनी तो नमुना बारकाईने तपासला. तर काय! पक्षी डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून, वर खोटी चिठ्ठी लावलेली. म्हणजे मांडवी बाद. राहिले जुने, खरे पत्ते.

त्या पत्त्यांवर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या रानात, झाडावर एक पिंगळा बसलेला दिसला. डोके पाहिले, ठिपके नव्हते. पूर्वी अशा वेळी बंदूक उचलली जाई. इथे कॅमेरा उचलला गेला. ११३ वर्षांनंतरचा हा पुरावा जिवंत होता, आणि छायाचित्रे घेऊन झाल्यावरही तो रानातच राहिला.

पुढे तो मेळघाटात सापडला, अन् २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही.