मोटारीच्या दोषनिदानाचा इतिहास : इंद्रियज्ञानाकडून संकेतांकाकडे

प्रस्तावना :
मोटारगाडी सुरू न होणे ही नित्याची बाब आहे. परंतु तिच्यातील दोष कोणी आणि कोणत्या आधारे ओळखावयाचा, या प्रश्नाला शतकभराचा इतिहास आहे. या काळात निदानाचे ज्ञान कारागिराच्या डोळा, कान व नाकाकडून गाडीतील संगणकाकडे सरकले. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा, विशेषतः भारतातील जुन्या गाड्यांच्या संदर्भात, आढावा घेतला आहे.

१) इंद्रियांवर आधारलेले निदान :
प्रारंभीच्या काळात इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. हँडल उलटे फिरून हात मोडण्याचे प्रकारही घडत. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा ‘सेल्फ’ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हे कष्ट संपले; मात्र बॅटरीची अवस्था हा निदानातील पहिला प्रश्न बनला. सेल्फने इंजिन फिरत असेल, तर पुढे पेट्रोल व हवेचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब या तीनच गोष्टी तपासावयाच्या असत. मिस्त्री प्लग काढून इंजिनाला टेकवी व ‘करंट’ पाही. काजळी धरलेल्या प्लगवरून मिश्रणात पेट्रोल अधिक असल्याचे ओळखी. पॉइंट घासून त्यांतील अंतर जुळवी. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनावर मिस्त्रींच्या कित्येक पिढ्या याच रीतीने घडल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून अखेरची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली.

२) संवेदकांचे आगमन :
हे चित्र बदलण्यामागे प्रदूषण हे प्रमुख कारण होते. इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीची बॉश कंपनीची पद्धती १९६७ मध्येच फोक्सवॅगन गाडीत आली होती. तथापि, १९७० च्या अमेरिकन स्वच्छ हवा कायद्यानंतर तिची निकड वाढली. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक यंत्रणेला एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत लागते. कार्बोरेटरला ते काटेकोरपणे राखता येत नाही. त्यामुळे ऑक्सिजन, तापमान, हवा व क्रँकशाफ्टची स्थिती मोजणारे संवेदक, म्हणजे सेन्सर, आणि त्यांचे संदेश वाचणारा संगणक आवश्यक ठरला. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून स्वयंनिदानाची सक्ती केली. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत सर्व उत्पादकांना समान जोडणी व समान संकेतांक बंधनकारक झाले.

भारतात २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील गाड्यांसाठी युरोपीय धर्तीच्या मानकांचा आदेश दिला आणि त्यानंतर नव्या गाड्यांतून कार्बोरेटर झपाट्याने मागे पडला. स्वयंनिदानाची सक्ती मात्र २०१० मध्ये व तिचा दुसरा टप्पा २०१३ मध्ये लागू झाला. परिणामी या दरम्यानच्या अनेक गाड्यांत संवेदक होते, पण त्यांचे दोष सांगण्याची समान भाषा सक्तीची नव्हती. आजची ‘जुनी गाडी’ बहुधा याच मधल्या पिढीतील असते.

३) संकेतांकाची मर्यादा :
संकेतांक दोषाची जागा सुचवितो. कारण सांगत नाही. ‘पी ०३३५’ हा अंक क्रँकशाफ्ट संवेदकाच्या मंडलात बिघाड असल्याचे दर्शवितो. तो बिघाड संवेदकात असेल, तुटलेल्या तारेत असेल किंवा पावसाळ्यात गंजलेल्या जोडणीतही असेल. याच संवेदकाची आतील वेटोळी उष्णतेने तुटक झाली, तर गाडी गरम झाल्यावर बंद पडते व थंड झाल्यावर जणू काही घडलेच नाही अशी सुरू होते.

याहून फसवा असतो तो संकेतांक न देणारा दोष. पाण्याचे तापमान मोजणाऱ्या संवेदकाचा रोध थंडपणी अधिक व उष्णतेत कमी असतो. नेहमीच्या प्रकारात तो २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम, तर ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास भरतो. गरम इंजिनातही संवेदक थंडीचेच माप देत राहिला, तर संगणक जादा पेट्रोल सोडतो आणि प्लग भिजतात. ते माप शक्यतेच्या मर्यादेत असल्याने जुना संगणक त्यावर विश्वास ठेवतो. जाणता मिस्त्री मात्र रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचे व हवेचे तापमान ताडून पाहतो; दोन्ही जवळपास समान नसतील, तर एक संवेदक चुकीचे माप देत आहे हे उघड होते. बॅटरीचा दाब प्रथम मोजणे आणि चावी फिरवताच पेट्रोल पंपाचा आवाज ऐकणे, ही जुनी शिस्तही कायम राहते.

४) ज्ञानावरील अधिकार :
निदान संगणकात गेले, तेव्हा ते वाचण्याची साधने कोणाच्या हाती असावीत, हा आर्थिक प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व निदानसाधने स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवणे हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. या आदेशाविरुद्ध अपिले झाली. तरीही मिस्त्रीच्या उपजीविकेचा प्रश्न त्यामुळे कायद्याच्या चर्चेत आला.

समारोप :
संवेदकांनी मिस्त्रीचे ज्ञान कालबाह्य ठरविले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. यंत्राने दिलेल्या साक्षीची उलटतपासणी करणे, हे त्याच्या ज्ञानाचे नवे रूप आहे. त्या साक्षीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याला खुला राहिला, तरच जुन्या गाडीचे आयुष्य व तिच्यावर अवलंबून असलेला लहान कारागीर, दोन्ही टिकतील.