दाढेतला जीव

परवा अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन दातांच्या दवाखान्यात गेलो होतो. दाढ चांगलीच किडलेली. मी मनात रूट कॅनालची तयारी ठेवली होती. पण डॉक्टरीणबाई सगळं तपासून म्हणाल्या, "नस जिवंत आहे, वाचवू या." कडेची कीड त्यांनी पूर्ण काढली, नसेलगतची थोडी मात्र मुद्दाम ठेवली आणि वरून दाढ घट्ट बुजवली.

कीड आत ठेवून? घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून वाचत बसलो.

तर मंडळी, हा वाद फार जुना निघाला. १७५६ साली बर्लिनच्या फिलिप फाफने उघड्या पडलेल्या नसेवर सोन्याचं इवलंसं झाकण बसवायची रीत लिहून ठेवली. १८५९ मध्ये लंडनच्या जॉन टोम्सने सांगितलं की, नस उघडी पाडण्यापेक्षा रंग बदललेला थर राहू द्यावा. १९०८ मध्ये अमेरिकेच्या जी. व्ही. ब्लॅकने नेमकं उलट लिहिलं: नस उघडी पडली तरी चालेल, मऊ कीड आत नको. ब्लॅक हे या शास्त्रातलं थोर नाव, त्यामुळे त्याच्या शब्दाला फार वजन.

१९२० च्या दशकात जर्मनीत हर्मनने नसेवर कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावून पाहिलं. म्हणजे आपला चुनाच की! (आजीच्या पानाच्या डब्यातला दातात भरू नका हं!) त्याच्याखाली नस स्वतःच नवा कठीण थर बांधते.

खरा उलगडा झाला १९६५ मध्ये. काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढा नसेपर्यंत कोरल्या. साध्या उंदरांची नस मेली. जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या दाढेत मात्र अन्न अडकूनही जखमेवर नवा थर धरला. म्हणजे नस नाजूक नव्हतीच, तिला मारत होते ते जंतू. वरून दात घट्ट बंद केला की आत उरलेल्या जंतूंची उपासमार होते.

नस मेलेली असेल तर अर्थात रूट कॅनालला पर्याय नाही. पण विसाव्या वर्षी माझ्या दाढेची नस काढली, तेव्हा ती वाचेल का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. पुढे ती दाढ ठिसूळ होऊन तुटली. जीभ अजून त्या खिंडीत जाते.

रात्री भाच्याने विचारलं, "मामा, आत अजून किडा आहे?"

म्हटलं, "असला तर उपाशी आहे. तू झोप."

असो. तुमच्या दाढा कशा आहेत?